मांडीवरचा संगणक : जेआरडींच्या स्लाइड रूलपासून टॅबलेटपर्यंत

भिवंडीत विमानतळ नाही. इथे विमान दिसतं ते डोक्यावरून मुंबईला उतरायला चाललेलं. तरीही छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये कोणता संगणक न्यावा, हा प्रश्न तुम्हाला लवकर कळेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण यंत्रमाग. चार-सहा माग एकटा सांभाळणारा कारागीर आठवा. धागा कुठे तुटला, कांडी कुठे संपत आली, यावर त्याची नजर सतत फिरत असते. त्याच्या हातात एखादं उपकरण द्यायचं तर ते एका हाताने चाललं पाहिजे आणि एका नजरेत वाचता आलं पाहिजे. पायलटची गरज हीच. ते उपकरण किती हुशार आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. बरोबर साधारण २५ किलो टपाल. अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून पेट्रोल भरलं गेलं, आणि दुपारी ते जुहूला पोचले. उत्तरेकडून जुहूला येणाऱ्या विमानाच्या डाव्या हाताला, खाडीपलीकडे, आपली भिवंडी. पुढे मद्रासपर्यंतचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे नेलं. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवरून वाट दाखवणारं काही नव्हतं. जेआरडींकडे होता गॉगल आणि एक छोटा स्लाइड रूल. माझ्या मते आपल्या नागरी विमान वाहतुकीतला पहिला संगणक तोच.

हसू नका, हिशेब बघा. वेग ताशी १०० मैल, अंतर समजा ३०० मैल, म्हणजे तीन तास. समोरून ताशी १५ मैलांचा वारा लागला की जमिनीवरचा वेग उरला ८५. आता लागतात तीन तास बत्तीस मिनिटं. ही वरची बत्तीस मिनिटं टाकीत आहेत का? हा भागाकार कागदावर करायला सोपा, पण एक हात दांड्यावर, दोन्ही पाय रडरवर आणि विमान हेलकावे खात असताना? स्लाइड रूलवर आकडे लॉगॅरिथमच्या अंतराने कोरलेले असतात, म्हणून नुसती पट्टी सरकवली की गुणाकार-भागाकार होतो.

पुढे या पट्टीची गोल चकती झाली. अमेरिकन नौदलातल्या फिलिप डाल्टनने १९३० च्या दशकात ती घडवली. एका बाजूला वेळ-वेग-इंधनाचं गणित, दुसऱ्या बाजूला वारा आडवा आला तर नाक किती वळवायचं त्याची आकृती. तिचं नाव ई-सिक्स-बी, आणि पायलट तिला सरळ 'फ्लाइट कॉम्प्युटर' म्हणतात. डाल्टन स्वतः १९४१ मध्ये विमान अपघातातच गेला. त्याची चकती मात्र वैमानिक प्रशिक्षणात आजही शिकवतात. तिला बॅटरी नाही, ती खिशात मावते, आणि पडली तरी फार तर एक कोपरा झिजतो.

आता १९८२. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरमध्ये ७८ वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत ग्रिड कंपास बाजारात आला, मिटवून ठेवता येणारा जवळजवळ पहिलाच लॅपटॉप. किंमत आठ हजार डॉलरच्या वर. त्यात फिरणारी डिस्क नव्हती, माहिती चुंबकीय 'बबल मेमरी'त राहायची, म्हणून तो धक्के सोसायचा. पुढच्याच वर्षी तो स्पेस शटलमधून अवकाशात गेला. तिथे वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, म्हणून नासाला त्यात पंखा बसवावा लागला. बघा, संगणक तोच, पण जागा बदलली की उष्णतेचा प्रश्न आधी उभा राहिला.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतले लॅपटॉप शक्तिमान झाले, पण छोट्या विमानाला ते जमेनात. हार्ड डिस्कचं वाचणारं टोक तबकडीवर टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की टोक खाली येतं आणि तबकडी खरवडते. म्हणून कंपन्या साधारण दहा हजार फुटांची मर्यादा घालत. प्रवासी विमानात आतला दाब राखलेला असतो, छोट्या विमानात तशी सोय नाही. आपल्याकडची प्रशिक्षण विमानं सहसा एवढी वर जात नाहीत हे खरं, पण उघडलेला लॅपटॉप मांडीवर ठेवला की दांडा पोटाकडे ओढायला जागाच उरत नाही! (हशा) याला कोणता प्रोसेसर उपाय करणार?

२०१० मध्ये आयपॅड आला आणि बरेच प्रश्न सुटले. फिरणारी डिस्क नाही, बिजागर नाही, अख्खा नकाशांचा गठ्ठा एका पाटीत. २०१२ च्या छोट्या आयपॅड मिनीवर तर लहान विमानांचे पायलट खूश झाले, कारण तो गुडघ्यावर पट्ट्याने बांधता येतो. पण घेणाऱ्याने काही गोष्टी तपासायलाच हव्यात. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्या प्रकारात असतं. झाकणातलं लोहचुंबक होकायंत्राजवळ नेलं तर होकायंत्र खोटं बोलतं. आणि पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं तर काही कोनांतून पडदा काळाठिक्कर दिसतो. जेआरडींच्या गॉगलला ही अडचण नव्हती.

सगळ्यात मोठी गोष्ट ऊन. हा टॅबलेट ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं कंपनीच सांगते. आणि आपली मुलं विमान शिकतात कुठे? बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो. त्यात वरून काचेचं छत, मांडीवर ऊन. टॅबलेट तापला की आधी पडदा मंद करतो, मग स्वतःला वाचवायला बंद होतो. पहिल्यांदा एकट्याने लांबच्या उड्डाणावर निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा, खाली धुरकट माळ, आणि नकाशा गायब. हा धोका जाहिरातीत दिसत नाही, कारण ते उपकरण आखताना विदर्भाचा उन्हाळा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

म्हणून मला कोणी विचारलं तर मी सांगतो : लहान आकाराचा घ्या, सिमवाला घ्या, फिकट रंगाचं कव्हर घ्या, पण चुंबकाचं नको. थेट उन्हात बांधू नका, हवेच्या झोताजवळ ठेवा. उडायच्या आधी नकाशे उतरवून घ्या, वर नेटवर्कचा भरवसा नाही. आणि दुसऱ्या खिशात घडी केलेला कागदी नकाशा आणि ती चकती.

गंमत म्हणजे ऑनलाइन मागवलेला असा टॅबलेट बहुधा इथल्याच एखाद्या गोदामातून निघालेला असतो. मानकोली, राहनाळ, दापोडे, इथून मुंबईचा किती माल जातो हे मी तुम्हाला काय सांगणार. तो गोदामातही पत्र्याखालीच होता, एवढंच बारामतीच्या पायलटला कळवा. (हशा) आता प्रश्न घेऊ या.