नवागत ते कारभारी

कारखान्यांत उमेदवारी करावयाची तर आधीं मालकाची परवानगी लागते. परंतु संगणकाच्या सृष्टींत असे कांहीं कारखाने आहेत, कीं ज्यांचीं दारें सर्वांस उघडीं असतात. तेथील आज्ञावली कोणींही वाचावी, तींतील दोष हुडकावा आणि दुरुस्ती पाठवावी. मात्र दार उघडें असलें, तरी आलेली प्रत्येक ओळ पारखूनच घेतली जाते. अशा ठिकाणीं अनोळखी माणसाचा शिरकाव कसा होतो, हें 'गिट'च्या इतिहासावरून चांगलें दिसतें.

हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्व्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं 'लिनक्स'ची आज्ञावली जगापुढें ठेविली. पुढें हजारों लोक तींत भर घालूं लागले, आणि कोणीं काय बदललें याची नोंद ठेवणें जिकिरीचें झालें. २००२ पासून ही नोंद 'बिटकीपर' या एका खासगी कंपनीच्या साधनांत होत असे. एप्रिल २००५ मध्यें त्याचा विनामूल्य वापर बंद झाला, तेव्हां टोर्व्हाल्ड्स यांनीं स्वतःच नवें साधन रचावयास घेतलें, तेंच गिट. त्याचें पहिलें रूप थोड्याच दिवसांत तयार झालें. तें हजार-बाराशे ओळींचेंच, म्हणजे नवख्यालाही एका बैठकींत वाचतां येईल एवढें होतें.

तें वाचणाऱ्यांत जुनिओ हमानो हे जपानी गृहस्थ होते. लिनक्सच्या धुरीणांत त्यांची गणना नव्हती. तरी त्याच महिन्यांत ते दुरुस्त्या पाठवूं लागले. येथील शिरस्ता असा, कीं एका दुरुस्तींत एकच बदल असावा, आणि तो कां केला हें थोडक्यांत लिहावें. त्यामुळें तपासणाराचे श्रम वांचतात, व चूक निघाल्यास तेवढाच बदल मागें घेतां येतो. दुरुस्ती परत आली, तर राग न मानतां ती सुधारून पुन्हा धाडावी लागते.

२६ जुलै २००५ रोजीं, आरंभास चार महिनेही झाले नसतांना, टोर्व्हाल्ड्स यांनीं गिटचा सारा कारभार हमानो यांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत १.० ही आवृत्ति निघाली. आणि २०२५ सालींही हमानो हेच कारभारी होते.

प्रत्येक नवागत कारभारी होत नाहीं, व व्हावयासही नको. परंतु आधीं वाचावें, मग लहानसा दोष काढावा, आणि टीका ऐकून तो अधिक नीट काढावा, ही पायवाट सर्वांस सारखीच खुली आहे. तेथें पदवी कोणी विचारीत नाहीं; काम मात्र सर्व पाहतात.