मुरूडची बेगम आणि दोघांचा सफरनामा

हल्ली मोबाईल उघडला की कुठलं ना कुठलं जोडपं जग फिरताना दिसतं. नवरा-बायको पाठीवर पिशव्या अडकवून ब्राझीलसारख्या खंडप्राय देशात महिनोन्‌महिने भटकतात. ॲमेझॉनच्या बोटीत झोपतात, साओ पावलोच्या बाजारात जेवतात आणि सगळं लिहून ठेवतात. आमच्या स्टाफरूममध्ये असा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हे आपल्या लोकांचं काम नाही. आपल्याकडे मियाँ-बीवी एकत्र निघतात ते हजला, नाहीतर दवाखान्यात."

हसण्यावारी नेण्यासारखं हे वाक्य आहे, पण त्यात दोन गोष्टी दडल्या आहेत. एक, मुसलमान बाईने नवऱ्यासोबत जग बघणं ही आपल्याकडे नवी, बाहेरून आलेली गोष्ट आहे. दोन, आपल्याला याचा इतिहास नाही. इतिहास आहे, आणि तो लांबचा नाही. पेण-रोह्याचाच जिल्हा, रोह्याहून एस.टी.ने गाठता येईल असं मुरूड.

मुरूड-जंजिरा म्हटलं की आपल्याला समुद्रातला किल्ला आठवतो, सिद्दी आठवतात, तोफा आठवतात. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढतात. पण याच संस्थानाचे नवाब सिद्दी अहमद खान १९०८ मध्ये आपल्या बेगमेला घेऊन युरोपला निघाले, हे किती जणांना माहीत असतं? बेगमेचं नाव नाझली रफिया. बरोबर तिची धाकटी बहीण अतिया फैजी होती. या प्रवासावर नाझली बेगमने उर्दूत पुस्तक लिहिलं, 'सैर-ए-यूरोप'. ते पुढे लाहोरला छापलं गेलं.

म्हणजे मोटार अजून नवलाईची होती आणि पेणला रेल्वे पोहोचायला पाऊणशे वर्षं बाकी होती, त्या काळात आपल्या किनाऱ्यावरचं एक जोडपं विलायत फिरून आलं. आणि लिहिलं कुणी? बायकोने. आपल्या हाताने, आपल्या भाषेत.

हे अचानक घडलं नाही. फैजी बहिणी तय्यबजी कुटुंबातल्या. काँग्रेसचे अध्यक्ष आणि मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश बद्रुद्दीन तय्यबजी यांचं हे खानदान. वडील हसनअली व्यापारानिमित्त इस्तंबूलला राहत, आणि नाझली-अतिया यांचा जन्मही तिथलाच. या कुटुंबात एक चांगली रीत होती. घरात 'अखबार' नावाच्या वह्या असत. घरातली बाई, पुरुष, पोर, पाहुणा, ज्याला वाटेल त्याने त्यात लिहायचं. आज काय घडलं, कोण आलं, कुठे गेलो. अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं घर होतं, तिथेही अशी वही होती. जिथे लहानपणापासून मुलगी वहीत लिहिते, तिथे तीच मुलगी मोठी होऊन सफरनामा लिहिते, यात नवल कसलं?

अतिया बेगमची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती माझ्या पेशाची आहे. १९०६ मध्ये ती लंडनला गेली ती मेरिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला. आजच्या भाषेत सांगायचं तर बी.एड. करायला! सरकारी शिष्यवृत्ती होती. ती घरी पत्रं पाठवायची आणि ती लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापून यायची. पुढे १९२१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, 'ज़माना-ए-तहसील'. अभ्यासक्रम पुरा न करताच ती वर्षभरानंतर परतली. पण त्या वर्षाच्या नोंदी आज इतिहासकार वाचतात. लंडनमध्येच १९०७ साली तिची इक़बाल यांच्याशी ओळख झाली. पुढे इक़बाल यांना जंजिऱ्याची आमंत्रणं गेली, पण त्यांचं येणं जमलं नाही. मौलाना शिबली नोमानी मात्र जंजिऱ्याला पाहुणे म्हणून येऊन गेले.

आता या बहिणींना डोक्यावर घेण्याआधी एक साधी गोष्ट मान्य करू. एक संस्थानाची बेगम, दुसरी तिची बहीण. पैसा होता, ओळखी होत्या. त्याच वर्षी रोह्याच्या मोहल्ल्यातली कुणी बाई विलायतेला जाणं शक्य नव्हतं. कोकणी मुसलमानाच्या घरात प्रवास होता, पण तो एकट्याचा. मर्द जहाजावर खलाशी, पुढे आफ्रिकेत, मग आखातात. बाई घरी. तो दोन वर्षांनी यायचा, पेटी उघडायची, अत्तर आणि कापड निघायचं. त्याने पाहिलेलं जग त्या पेटीत मावत नव्हतं आणि तिने एकटीने रेटलेली दोन वर्षं त्याच्या पत्रात मावत नव्हती. आमच्या घराघरांत हा असा अर्धा-अर्धा सफरनामा पडून आहे. कागदावर काहीच नाही.

आणि नाझली बेगमचा पूर्ण सफरनामाही सुखान्त नाही. नवाब आणि बेगम एकत्र युरोप फिरले, पण त्यांना मूल नव्हतं. गादीला वारस हवा. काही वर्षांतच हे लग्न मोडलं, नवाबांनी दुसरं लग्न केलं आणि १९१४ मध्ये वारस जन्माला आला. बोटीच्या डेकवर सोबत उभं राहणं आणि आयुष्यात सोबत उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोतल्या प्रत्येक फिरत्या जोडप्याकडे बघून उसासा टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र लग्न मोडलं तरी पुस्तक राहिलं. बेगमपद गेलं, लेखिकापद कुणाला काढून घेता आलं नाही.

दुसरं जोडपं अतिया आणि सॅम्युअल रहमीन यांचं. रहमीन पुण्याचे, बेने इस्राईल समाजातले चित्रकार. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिकलेले. बेने इस्राईल म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे लोक, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं त्यांच्यात आजही आहेत आणि पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. सिनेगॉगला ते मराठीत 'मशीद'च म्हणत. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांच्यापासून समाज वाढला. म्हणजे त्यांच्या इतिहासाची सुरुवातच जोडप्यांच्या प्रवासाने होते.

१९१२ मध्ये रहमीन यांनी इस्लाम स्वीकारला आणि अतियाशी लग्न केलं. दोघांनी मिळून नाव घेतलं, फैजी-रहमीन. नवऱ्याने बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडण्याची ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे! दोघं युरोप-अमेरिकेत फिरले. तो चित्रं दाखवायचा, ती हिंदुस्थानी संगीतावर बोलायची. संगीतावरचं तिचं इंग्रजी पुस्तक १९१४ मध्ये लंडनहून निघालं, त्यात चित्रं त्याची. फाळणीनंतर जिना यांच्या निमंत्रणावरून दोघं कराचीला गेले, नाझलीही तिथेच राहिली. तिथे पुढे त्यांना राहतं घर सोडावं लागलं आणि अखेरची वर्षं हलाखीत गेली. १९६४ मध्ये तो गेला, १९६७ मध्ये ती. जग फिरलेल्या जोडप्याला शेवटी छप्पर टिकवता आलं नाही, आणि आपण इथे त्यांना विसरून गेलो. त्यांचं घर तिकडे गेलं, म्हणून आपला इतिहासही तिकडे गेला असं समजायचं का?

मी हे सगळं का लिहितेय? कारण दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर एखादे वालिद येतात. मुलगी हुशार आहे, शिक्षिका व्हायचं म्हणते, पण कॉलेज दुसऱ्या शहरात आहे. "मॅडम, आपल्यात मुलींना इतकं लांब पाठवत नाहीत." मी वाद घालत नाही. मी त्यांना अतिया बेगमची गोष्ट सांगते. मुरूडचं नाव निघालं की चेहरा जरा सैलावतो, कारण मुरूड त्यांना माहीत आहे. परदेशी बाईचं उदाहरण दिलं असतं तर ते त्यांना परकं वाटलं असतं. सगळेच ऐकतात असं नाही. पण 'आपल्यात नाही' हे वाक्य त्यानंतर पूर्वीच्या ठामपणे म्हणता येत नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. कुठेही जा. ब्राझीलला जमलं तर ब्राझीलला, नाहीतर उमऱ्याला, आखातात लेकाकडे, अजमेरला किंवा नुसतं रोह्याहून मडगावला. शक्य असेल तर मियाँ-बीवी दोघं जा. आणि परत आल्यावर वही तिच्या हातात द्या. त्याने काय पाहिलं ते तो चार लोकांत बसून सांगेलच. तिने काय पाहिलं ते लिहिलं नाही तर शंभर वर्षांनी पुन्हा कुणीतरी म्हणेल, हे आपल्या लोकांचं काम नव्हतं.