हजेरीत नाव कुणाचं? वऱ्हाडातल्या बांधकाम टोळीची गोष्ट

आज आपण इतिहास ऐकणार आहोत, पण राजा-राणीचा नाही. आपल्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत किल्ले, वाडे, पूल, शाळा आणि घरकुलं बांधणारे हात कुठून आले, आणि गावातल्या छोट्या ठेकेदाराच्या टोळीनं कुणाकुणाला रोजगार दिला, हे पाहायचं आहे. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी बाया उन्हाळ्यात बांधकामावर जातात. म्हणून ही गोष्ट आपली आहे.

आधी बांधकामावरचे तीन शब्द घेऊ. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज लोकांच्या भाषेतून आला. तिथं त्याचा अर्थ कसबी उस्ताद. बिगारी हा शब्द बेगार या फारसी शब्दावरून आला. बेगार म्हणजे मजुरी न देता करून घेतलेलं काम, आपण ज्याला वेठबिगार म्हणतो ते. आणि घमेलं उचलणाऱ्या बाईला आपल्या विदर्भात ठेकेदार रेजा म्हणतात. एकाच भिंतीवर तिघं काम करतात. भिंत कुणी बांधली असं विचारलं, तर नाव मात्र मिस्त्रीचंच निघतं.

आता मागे जाऊ. मेळघाटातला गाविलगड किल्ला बहामनी राजा अहमदशाह वली यानं १४२५ च्या सुमारास बांधला. पुढं १४८८ मध्ये फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क यानं त्याची दुरुस्ती केली. हाच फत्तेउल्ला नंतर वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला राजा झाला आणि अचलपूर हे राज्याचं मुख्य ठाणं बनलं. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा विटांचा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं त्याचं काम सुरू केलं आणि १७५७ मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईलखान यानं ते पूर्ण केलं. अमरावतीचा परकोट १८०७ मध्ये निजामाच्या सरकारनं बांधायला घेतला. पेंढाऱ्यांपासून शहरातल्या व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून. त्याला ५ दरवाजे आणि ४ खिडक्या. अंबागेट आणि खोलापुरी गेट ही नावं आपण आजही रोज घेतो.

या सगळ्या कामांवर राजाचं, नवाबाचं नाव आहे. दगड फोडणाऱ्याचं नाही. पण हे काम कोणत्या लोकांनी केलं, ते त्यांच्या जातींच्या नावांतच लिहून ठेवलेलं आहे. बेलदार हे नाव बेल या फारसी शब्दावरून आलं, म्हणजे माती खणायचं अवजार. वडारांमध्ये माती वडार मातीकाम करत, गाडी वडार गाडीनं दगड वाहत आणि पाथरवट दगड घडवत. मुसलमानांमध्ये गवंडी होते, चुन्याचं काम करणारे होते, आणि छप्पर शाकारणारे छप्परबंदही होते. ही माणसं जिथं काम निघेल तिथं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जात. नवरा दगड फोडी, बायको टोपलं वाही, लेकरू झाडाच्या झोळीत. कुटुंबच्या कुटुंब कामावर असे, आणि मजुरीचा हिशेब कुटुंबाच्या पुरुषाशी होई.

गावातलं घर मात्र वेगळ्या रीतीनं उभं राही. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर काड्या-तुराट्या आणि मातीचा थर. भिंत पुरुषांनी घातली तरी लिंपणं, पोचारणं, सारवणं, पावसाळ्याआधी धाब्यावर माती चढवताना हाताखाली राबणं ही कामं बायांची. कुठली माती चिकट, कुठली भेगाळते, तिच्यात भुसा किती घालायचा, हे आपल्या आज्या बोटानं चोळून सांगत. त्या काळात बाई घराची अर्धी गवंडी होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला भाव चढला. त्याच सुमाराला मुंबईकडून रेल्वे आली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. रुळांसाठी भराव, ओढ्यांवर मोऱ्या, नद्यांवर पूल, मग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गोदामं, कचेऱ्या. एवढं बांधकाम वऱ्हाडानं एका पिढीत कधी पाहिलं नव्हतं.

छोट्या ठेकेदाराचं रूप याच काळात पक्कं झालं. रेल्वे कंपनी मोठ्या ठेकेदाराला काम देई. तो त्याचे तुकडे करून लहान ठेकेदारांना देई. लहान ठेकेदार मुकादमाला सांगे आणि मुकादम आपल्या जातीतली, आपल्या मोहल्ल्यातली, आपल्या गावची माणसं घेऊन येई. या पद्धतीत फायदा होता आणि काचही होता. फायदा असा, की ज्याच्याकडं जमीन नाही, शाळेचा दाखला नाही, साहेबाशी ओळख नाही, त्यालाही मुकादमाच्या ओळखीवर काम मिळे. काच असा, की मजुरीही मुकादमाच्याच हातून मिळे. उचल घेतली की माणूस बांधला जाई, आणि हिशेब तोंडी.

त्याच इंग्रजी राजवटीनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरस्त्या जमातींवर संशयाचा शिक्का बसला. हा कायदा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून त्यातल्या लोकांना विमुक्त म्हणतात. आज महाराष्ट्रात वडार आणि छप्परबंद विमुक्त जातींच्या यादीत आहेत, तर बेलदार भटक्या जमातींच्या यादीत. ज्यांच्या हातांनी लोकांची घरं उभी राहिली, त्यांना स्वतःला मात्र गावात जागा मिळायला फार वर्षं लागली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. वऱ्हाडातल्या गावोगावच्या लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. गावकीची, अपमानाची कामं अनेकांनी सोडली. मग रोख मजुरी कुठं मिळणार? गिरणीत, रेल्वेत, आणि बांधकामावर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अकोला जिल्ह्यात दर ५ माणसांत जवळपास १ मुसलमान आहे आणि बौद्धांची संख्या त्याहून थोडीच कमी. सरकारच्या नोंदीत हे दोन्ही समाज अल्पसंख्याक आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यात अल्पसंख्याक मजुरांची गोष्ट ही कुण्या कोपऱ्यातल्या मूठभर लोकांची नाही. बांधकामावरच्या टोळीत आपल्या शेजारी उभी असलेली ही माणसं आहेत.

२००५ मध्ये केंद्र सरकारनं न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली. २००६ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात दिसलं, की पगाराच्या कायम नोकऱ्यांत मुसलमानांचं प्रमाण कमी आहे आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त. आपल्याकडं नजर टाकली तर हे लगेच पटतं. फरशी बसवणारे, रंगारी, सेंट्रिंगवाले, नळजोडणीवाले, वेल्डिंगवाले यांत मुसलमान कारागीर किती आहेत ते पाहा. यांतला एखादा चार हत्यारं घेतो, दोन पोरं हाताखाली ठेवतो आणि छोटा ठेकेदार होतो. त्याला जाहिरात देऊन माणसं निवडायची नसतात. तो भाच्याला घेतो, शेजाऱ्याला घेतो, कालच्या बिगाऱ्याला घेतो. पोरगा आधी विटा देतो, मग माल कालवतो, मग ओळंबा धरायला शिकतो. काही वर्षांत त्याच्या हातात थापी येते. अशी ही शिडी आहे. शाळा सुटलेल्या पोराला एवढ्या सहज वर चढू देणारे धंदे फार थोडे.

या छोट्या लोकांकडं इथल्या मातीचं ज्ञानही असतं. आपल्याकडची काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया वरवर घेतला तर भिंत चिरते. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचं पाणीही खारं. त्या पाण्यात माल कालवला तर भिंतीला लोणा लागतो आणि सळई गंजते. पाया कितीवर घ्यायचा, मुरूम किती भरायचा, गोडं पाणी कुठून आणायचं, हे दर्यापूर-अकोटकडचा मिस्त्री विचारण्याआधी सांगतो.

पण मैत्रिणींनो, ही शिडी सगळ्यांसाठी सारखी नाही. पोरगा बिगाऱ्याचा मिस्त्री होतो. बाई विशीत घमेलं उचलते आणि पन्नाशीतही घमेलंच उचलते. मातीची घरं गेली, सिमेंट आलं, तेव्हा भिंतीचं ज्ञान तिच्या हातून निघून मिस्त्रीच्या थापीवर गेलं. अर्धी गवंडी असलेली बाई रेजा झाली. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखी मजुरी, असा कायदा १९७६ मध्ये झाला. पण ‘तिचं काम वेगळं’ असं म्हटलं की तो बाजूला पडतो. जिला काम शिकूच दिलं नाही, तिचं काम वेगळंच राहणार. आणि त्या बाईच्या अंगावर जात-धर्माचंही ओझं असलं, तर तिला दुसऱ्या टोळीत जाऊन पाहण्याचीही सोय उरत नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं सरकारी कामांवर आली, त्यात बायांची संख्या फार मोठी होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर हजेरीपट असे आणि बाईचं नाव त्यात वेगळं लिहिलं जाई. रेल्वेच्या काळातल्या कुटुंबाच्या हिशेबापेक्षा ही मोठी मजल होती. खाजगी बांधकामावर मात्र आजही हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत किंवा डोक्यात असते.

याचं नुकसान केवढं होतं ते ऐका. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी देशाचा कायदा झाला. महाराष्ट्राचं कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झालं. मोठ्या बांधकामांच्या खर्चावर १ टक्का उपकर घेऊन त्यातून मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघातात मदत अशा योजना चालतात. नाव नोंदवायला वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. बाई १५० दिवस राबते, पण दाखला मागितला की लहान ठेकेदार हात वर करतो. तो वाईट असतो असं नाही. कागदावर सही केली तर आपल्यामागं काही लागेल, ही त्याला भीती असते. गावात ग्रामसेवकही हा दाखला देऊ शकतात, हे अनेकींना माहीतच नसतं.

बाई या शिडीवर चढूच शकत नाही का? चढली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसं गेली. पुढं घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं शेकडो गावांतल्या महिला मंडळांच्या बाया संवाद सहायक झाल्या. भूकंपात टिकणारी भिंत कशी घालायची हे त्यांनी शिकून घेतलं, घरोघरी सांगितलं आणि कामावर देखरेख केली. झारखंडमध्ये गावोगाव शौचालयं बांधायची वेळ आली, तेव्हा बचत गटांतल्या हजारो बाया गवंडीकाम शिकल्या. तिथं त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. त्याही आपल्यासारख्याच गटातल्या बाया.

आपल्यासमोरही संधी आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं आणि ते बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे करण्यावर भर असतो. याच योजनेत ४५ दिवसांचं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे, आणि ते प्रत्यक्ष घर बांधतानाच दिलं जातं. आपल्या गावात घरकुलं मंजूर झाली, की पंचायत समितीत जाऊन हे प्रशिक्षण आपल्याला कधी मिळेल ते विचारा. शिकवणारा मिस्त्री शोधायला लांब जायची गरज नाही. ज्या मुसलमान, बेलदार, वडार, बौद्ध मिस्त्रींनी पिढ्यान् पिढ्या हे काम टिकवलं, ते आपल्याच गावात आहेत. त्यांना मानानं बोलवा. त्यांच्या टोळीला काम मिळेल आणि आपल्या हाती थापी येईल.

येत्या मासिक बैठकीत तीन कामं करा. बांधकामावर जाणाऱ्या प्रत्येकीसाठी एक हजेरीची वही घाला. तारीख, जागा, काम, मजुरी लिहा आणि आठवड्याला मिस्त्रीभाऊंची सही घ्या. दुसरं, ज्यांचे ९० दिवस भरले त्यांनी एकट्यानं न जाता गटानं मिळून ग्रामसेवकांकडं जा. तिसरं, गवंडीकाम शिकायची तयारी असलेल्या निदान दोघींची नावं ठरावात लिहा. ती यादी करताना मोहल्ल्यातल्या, वस्तीतल्या, पालावरच्या बायांना विसरू नका. त्या गटात नसतील, तर आधी त्यांना गटात घ्या.

परकोटाच्या भिंतीवर कुण्या मजुराचं नाव नाही, आणि ते आता लिहिताही येणार नाही. यंदाच्या घरकुलाच्या हजेरीत आपलं नाव लिहून घेणं मात्र आपल्या हातात आहे.