वनस्पती तूप : नैसर्गिक-कृत्रिम वादाचा एक ऐतिहासिक अभ्यास

जे नैसर्गिक ते आरोग्यास हितकारक व जे कृत्रिम ते अपायकारक, ही समजूत भारतीय समाजात खोलवर रुजलेली आहे. विसाव्या शतकात वनस्पती तुपाच्या निमित्ताने या समजुतीची कसोटी लागली. प्रस्तुत लेखात त्या वादाचा आढावा घेतला आहे.

द्रवरूप तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे एकस्व जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये मिळविले. भारतात १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, मुंबईत शिवडी येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत पिवळ्या डब्याने लवकरच स्थान मिळविले, इतके की मराठी माणसाच्या तोंडी ‘डालडा’ हे जणू सामान्यनामच झाले.

विरोधही तितकाच तीव्र होता. १९४६ मध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीवर टीका केली. स्वातंत्र्योत्तर काळात बंदीची मागणी संसदेपर्यंत पोहोचली. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीस रंग देण्याची सूचना पुढे आली. परंतु योग्य रंग काही सापडला नाही. अखेर वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे बंधनकारक करण्यात आले. बोदुआँ परीक्षणात हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युराल यांच्या संयोगाने तिळाचे तेल लाल रंग दाखविते, त्यामुळे तुपातील भेसळ उघड होई. हा उपाय कल्पक खरा. पण त्याने ग्राहकाची फसवणूक टळली तरी डब्यातील पदार्थाचा शरीरावर काय परिणाम होतो, हा प्रश्न सुटला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची दिशा १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांच्या संशोधनाने दाखविली. हायड्रोजनीकरण अर्धवट राहिल्यास काही मेदाम्लांची रचना बदलून ती ‘ट्रान्स’ रूपात जातात. अशी मेदाम्ले रक्तातील अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक एचडीएल घटवितात, असे त्यांना आढळले. वनस्पतीचे विरोधक निष्कर्षात बरोबर ठरले, कारणमीमांसेत मात्र नव्हे. दोष कृत्रिमतेत असता तर प्रक्रिया जितकी अधिक तितका अपाय अधिक व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात हायड्रोजनीकरण पूर्ण झाल्यास ट्रान्स मेद जवळजवळ उरतच नाहीत. उलट गाई-म्हशींच्या पोटातील जीवाणूंमुळे अस्सल साजूक तुपातही ते अल्प प्रमाणात असतात, शिवाय संपृक्त मेद विपुल असतात ते वेगळेच.

बंदीची मागणी करणाऱ्यांना व कारखानदारांना, दोघांनाही, ‘शुद्ध’ या शब्दापलीकडे जाण्याची निकड भासली नाही. भारतात औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि जानेवारी २०२२ पासून ती २ टक्के झाली. डालड्याच्या आगमनानंतर तोवर ८५ वर्षे लोटली होती.