हरलो कुणाकडून?

वैनगंगेकाठच्या गोसीखुर्दात कबड्डी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याच विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० ला आली. बायकांना आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. २०१० आणि २०१४, महिलांची दोन्ही सुवर्णपदकं भारताचीच.

मग २०१८ मध्ये जकार्तात, अंतिम सामन्यात, इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. त्यांच्या प्रशिक्षिका कोण? शैलजा जैन. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवलेल्या बाई. इराणात त्या फारसी शिकल्या, सरावात योग-प्राणायाम आणला.

कुणी म्हणेल, आपलीच बाई आपल्याविरुद्ध? आम्हाला प्रश्न वेगळा वाटतो. खेळाचा इतिहास आपण पदकांच्या यादीवरून लिहितो, आणि त्या यादीत शिकवणारीचं नाव नसतं. म्हणून जकार्ताची नोंद ‘भारताला रौप्य’ एवढीच राहते. ती पुरी करायची तर पुढे हेही लिहायला हवं: जिंकणाऱ्यांना घडवणारी बाई महाराष्ट्रातली होती.