काट्यामागची नळी

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला १८७० च्या दशकात सरकारी कोळशाची खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. खाण आणि रेल्वे म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे बॉयलर. बॉयलरच्या पोटातला दाब बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसायलाच हवा. तो न दिसल्यास काय होते, हे फुटलेल्या बॉयलरांनी तोवर जगभर दाखवून दिले होते. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. आज गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडहून लोहखनिज घेऊन निघणाऱ्या ट्रकच्या इंजिनात दाबलेली असते ती वाफ नव्हे, हवा. पण जुना प्रश्न तसाच आहे. दाब एका जागी, वाचणारा दुसऱ्या जागी, मग मधे नळी कोणती घालायची?

पाठ्यपुस्तकात दाबमापकाची आकृती नीट काढलेली असते, नळी मात्र दोन रेघांत उरकलेली. म्हणून आपण इथे काट्याविषयी थोडे आणि नळीविषयी जास्त बोलू.

सुरुवातीला वाफेचा दाब पाऱ्याच्या स्तंभाने मोजत. एका वातावरणाच्या दाबाला ७६ सेंटिमीटर पारा लागतो. म्हणजे आठ वातावरणांसाठी सहा मीटर उंच नळी! धावत्या आगगाडीच्या इंजिनावर ती कोण उभी करणार? यातून वाट काढली पॅरिसच्या युजेन बूर्दाँ या यंत्रकाराने. वेटोळी नळी तयार करताना ती एके ठिकाणी चेपली गेली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून एक टोक बंद करून आत पाण्याचा दाब दिला, तेव्हा चेपलेला भाग फुगला आणि त्याबरोबर वेटोळेही उलगडू लागले. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तसेच. बूर्दाँने १८४९ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आजही गॅस वेल्डिंगच्या सिलिंडरवरचा काटा फिरतो तो अशाच चपट्या, वाकवलेल्या नळीमुळे.

म्हणजे दाबमापकाच्या आत एक नळी आणि त्याच्यापर्यंत पोचणारी दुसरी. आतल्या नळीने दाबाबरोबर आकार बदलायचा. बाहेरच्या नळीने आकार जराही बदलायचा नाही.

वाफेच्या बाबतीत बाहेरच्या नळीवर आणखी एक काम येते. वाफ थेट दाबमापकात गेली तर तापलेली आतली नळी मऊ पडून काटा खोटे बोलू लागेल. म्हणून मधल्या नळीला मुद्दाम एक वळसा देतात. त्यात वाफ थंड होऊन पाणी साठते. पाणी दाब पुढे पोचवते, उष्णता अडवते. कोणत्याही जुन्या बॉयलरवर हा डुकराच्या शेपटीसारखा वळसा पाहायला मिळेल.

आता हवेकडे येऊ. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. हाच टर्बोचार्जर. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, म्हणजे त्याच इंजिनातून जास्त शक्ती. बल्लारशाच्या लोकांनी टर्बो पाहिला तो मोटारींच्या कितीतरी आधी, रेल्वेत. १९६२ मध्ये अमेरिकेहून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिने २६०० अश्वशक्तीची होती. विद्युतीकरणापूर्वी दिल्ली-मद्रास मार्गावरच्या गाड्या ती ओढत. त्यांच्या चालकापुढे या कोंबलेल्या हवेच्या दाबाचा काटा असे. मोटारवाले त्यालाच बूस्ट गेज म्हणतात. टाटा सफारी (१९९८) आणि महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) यांच्याबरोबर टर्बो आपल्या घरगुती गाड्यांतही रुळला.

अशा गाडीत हौसेने गेज बसवणारा दुकानात विचारतो, “जाड नळी घेऊ का? दाब नीट पोचेल.” हा गैरसमज वर्गातही भेटतो. नळीचे गेजकडचे टोक बंद असते, तिच्यातून हवा वाहत नाही. स्थिर हवेत दोन्ही टोकांना दाब सारखाच, मग नळी दोन मिलिमीटरची असो की दहाची. उलट बारीक नळीचा एक फायदा आहे. सिलिंडर एकामागून एक हवा ओढतात, तेव्हा दाबाचे हिसके बसतात आणि काटा थरथरतो. बारीक छिद्र ते हिसके मुरवते. मात्र नळी कुठे गळत असेल तर सारे बदलते. हवा वाहू लागते, वाटेतला विरोध जाणवतो आणि गेज कमी दाखवते. गळती तीच असली तरी बारीक नळीत ही फसगत मोठी.

मग नळी कशाची? तांबे उष्णतेला घाबरत नाही, पण इंजिनाच्या थरथरीने कडक होत जाते आणि जोडापाशी तडकते. रेल्वेच्या डब्याएवढे वजन नसलेल्या मोटारीत ती थरथर विसरून चालत नाही. नायलॉनची कडक नळी फुगत नाही, पण तीव्र वळणावर मुडपते आणि धुराच्या पाइपाजवळ मऊ होते. सिलिकॉन रबर उष्णता सोसते, तेल-पेट्रोलच्या वाफांनी मात्र फुगते. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हवेचा दाब दुप्पट केला तर तिचे तापमान सहज १०० अंशांवर जाते, हे नळी निवडताना ध्यानात असू द्यावे. पेट्रोल इंजिनाची आणखी एक खोड आहे. उभ्या गाडीत, इंजिन मंद चालू असताना, आतला दाब बाहेरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका उतरतो. मऊ, पातळ नळी तेव्हा आतल्या आत चपटी होते आणि काटा अडकून बसतो. आमचे मत विचाराल तर बहुतेक गाड्यांना बारीक, कडक नायलॉन बरे, धुराच्या पाइपापासून दूर नेलेले, टोकाशी लहानसा जाड रबरी तुकडा जोडून.

इथे बॉयलरचा धडा उलटा होतो. पावसाळ्यात दमट हवेतले पाणी नळीत साठते. वळसा ठेवला तर त्यात पाण्याचा बोळा बसतो. म्हणून बूस्ट गेजची नळी इंजिनाकडे सतत उतरती हवी.

हे वर्गात पाहता येते. दवाखान्यातल्या न वापरलेल्या सलाईन नळीचा ‘यू’ करून त्यात रंगीत पाणी भरा. एका टोकाला हळूच फुंकून पातळ्यांतला फरक मोजा. मग मधे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा जोडून पुन्हा फुंका आणि नंतर ओढूनही पाहा. शेवटी सुईने त्या तुकड्याला एक भोक पाडा आणि तेवढ्याच जोराने फुंका. पाणी आता किती चढते, हे मुलांनाच मोजू द्या.