शब्दयोगी अव्यये आणि इंग्रजीची परीक्षा

आयईएलटीएसच्या लेखन चाचणीत चतुर्थांश गुण व्याकरणाचे असतात आणि मराठी परीक्षार्थीचे ते बहुधा शब्दयोगी अव्ययांपाशी गळतात. मराठीत ही अव्यये नामानंतर येतात, इंग्रजीत नामाआधी. हा क्रमभेद लवकर अंगवळणी पडतो. खरी अडचण अर्थाच्या वाटणीची आहे. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोहोंना मराठीत एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत आरंभासाठी 'सिन्स', कालावधीसाठी 'फॉर'. 'सिन्स टू इयर्स' ही चूक तिथूनच उगवते. 'पेक्षा'चेही तसेच: 'सीनियर', 'सुपीरियर', 'प्रिफर' या लॅटिन कुळातील शब्दांपुढे 'दॅन' नव्हे, 'टू' येतो. स्पर्धा परीक्षांचा हा आवडता सापळा आहे.

आपण वेव्हर्ली स्थानकावर भेटतो आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर खरेदी करतो. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी 'ॲट', दुसऱ्या ठिकाणी 'ऑन'. 'विषयी'च्या सवयीने 'डिस्कस'ला 'अबाउट' चिकटवले जाते. तिथे काहीच नको. म्हणून नियमांच्या याद्यांपेक्षा क्रियापद आणि त्याचे अव्यय जोडीने, पूर्ण वाक्यातच पाठ करावे, असे माझे मत आहे.

एडिनबरात राहणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो. येथील कार्यालयीन पत्रांत 'च्या बाहेर' या अर्थी 'आउटविथ' सर्रास आढळतो आणि तो शिष्टसंमतही आहे. 'बॅक ऑफ फाइव्ह' म्हणजे पाच वाजून गेल्यावर लगेच. हे प्रयोग स्कॉटलंडबाहेर फारसे परिचित नाहीत. कचेरीत ते खुशाल वापरावेत. उत्तरपत्रिकेत 'आउटसाइड' आणि 'जस्ट आफ्टर फाइव्ह' लिहावे.